गुप्तता कोणापासून? युद्धकाळातील राज्यकर्ते, सत्य आणि बिशप जॉर्ज बेल

युद्ध पेटले की राज्यकर्ते कमी बोलू लागतात आणि प्रजेने मात्र अधिक विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करू लागतात. काय घडले, का घडले, किती माणसे पडली, पुढे काय करावयाचे आहे, यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे सरळ उत्तर मिळेनासे होते. आणि उत्तर मागणाऱ्याकडेच संशयाने पाहिले जाते. यातून सुजाण नागरिकाच्या मनात जे वैफल्य साचते, ते घेऊन तो पुष्कळदा धर्मगुरूच्या दाराशी येतो. आमच्या वाचकांच्या गावी तर हा प्रश्न घरचाच आहे. बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, इंदूरजवळ महूची छावणी आहे, ग्वाल्हेरास हवाई दलाचा तळ आहे, हैदराबादेला लागून सिकंदराबादची छावणी आहे. रविवारच्या उपासनेस येणाऱ्यांत सैनिक असतात, सैनिकांच्या बायका असतात, आया असतात. त्यांना आपण काय सांगावे?

दोन उत्तरे तयारच असतात. एक असे की, युद्धकाळी सरकारला प्रश्न विचारणे हाच देशद्रोह. तेव्हा गप्प बसावे. दुसरे असे की, सरकारे ही नेहमी खोटेच बोलतात. तेव्हा कशावरच विश्वास ठेवू नये. ही दोन्ही उत्तरे वरवर एकमेकांविरुद्ध दिसली, तरी दोहोंचा परिणाम एकच होतो: विचार करण्याचे कष्ट वाचतात. ख्रिस्ती नीतिविचाराला यांपैकी एकही उत्तर पुरेसे नाही. गुप्तता केव्हा न्याय्य आणि केव्हा अन्याय्य, हे ओळखण्यासाठी काही माप हाती हवे. असे एक माप प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आणि त्यासाठी आम्ही दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचे उदाहरण निवडले आहे. परदेशचे उदाहरण घेण्याचे कारण उघड आहे. तेथील त्या काळचे सरकारी कागद आज खुले आहेत. सरकारने लोकांना काय सांगितले आणि त्याच वेळी सरकारला स्वतःला काय ठाऊक होते, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. अशी संधी चालू युद्धात कधीच मिळत नाही.

गुप्तता ही मुळात पाप नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रत्येक गुपित हे असत्य नसते. यहोशवाने यरीहोकडे दोन हेर पाठविले ते गुप्तपणे पाठविले, आणि राहाबेने त्यांना लपविले, याची शास्त्र निंदा करीत नाही. सैन्य कोणत्या वाटेने जाणार, जहाज केव्हा निघणार, सांकेतिक लिपी कोणती, हे शत्रूस कळले तर आपली माणसे मरतात. ते झाकून ठेवणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्यच आहे. आम्हा धर्मगुरूंना तर गुप्ततेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. पापनिवेदनात ऐकलेले आम्ही प्राणांतीही उघड करीत नाही. परंतु त्या गुप्ततेचा रोख कोणाच्या रक्षणाकडे आहे, हे पाहावे. ती पश्चात्तापी माणसाच्या रक्षणासाठी आहे. धर्मगुरूच्या स्वतःच्या बचावासाठी नव्हे.

याच्या उलट उदाहरण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे. दावीद राजा यरुशलेमेत आहे. सेना यवाबाच्या हाताखाली राब्बा नगरास वेढा घालून बसली आहे. राजा यवाबास एक गुप्त पत्र लिहितो आणि ते उरीया हित्तीच्याच हाती देतो. लढाईच्या सर्वांत धोक्याच्या जागी उरीयाला उभे करून त्याला एकटे सोडावे, एवढाच त्या पत्राचा आशय. हे पत्र वरून पाहता लष्करी आज्ञापत्र आहे. त्यावर राजाची मोहोर आहे, काळ युद्धाचा आहे, आणि ते पोहोचविणारा आज्ञाधारक सैनिक आहे. परंतु ते अम्मोनी शत्रूपासून लपविलेले नाही. अम्मोन्यांना त्यात लपविण्यासारखे काही नव्हतेच. ते लपविले आहे उरीयापासून आणि इस्राएल लोकांपासून. पुढे यवाबाचा निरोप्या युद्धाची बातमी आणतो, तीत उरीयाचा मृत्यू हा इतर मृत्यूंत मिसळून टाकलेला असतो. आणि राजा युद्धात असे चालायचेच, अशा अर्थाचे उत्तर देऊन प्रकरण मिटवितो. नाथान संदेष्टा येईपर्यंत ते मिटलेलेच राहते.

या दोन प्रसंगांतून आमचे माप निघते. गुप्ततेसमोर उभे राहून पहिला प्रश्न असा विचारावा: हे कोणापासून लपविले आहे? शत्रूपासून, की स्वतःच्या लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीपासून?

धोरण कसे बदलले

१ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धात उतरणाऱ्या राष्ट्रांना नागरी वस्तीवर बॉम्ब न टाकण्याचे आवाहन केले. ब्रिटनने ते मान्य केले. परंतु जर्मन विमानांनी त्याच महिन्यात वॉर्सा आणि १४ मे १९४० रोजी रॉटरडॅम उद्ध्वस्त केले. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात लंडन, कॉव्हेंट्री व इतर ब्रिटिश शहरांवर सतत हल्ले होऊन चाळीस हजारांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. हे विसरून पुढील गोष्टीचा न्याय करणे अन्यायाचे होईल.

ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने दिवसा गेली तर पाडली जात. म्हणून ती रात्री जाऊ लागली. रात्री नेम लागतो किती, याची तपासणी ऑगस्ट १९४१ मध्ये छायाचित्रांवरून करण्यात आली. लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद केलेल्या विमानांपैकी सुमारे एक तृतीयांश विमानेच लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोहोचली होती, असे तीतून निष्पन्न झाले. याचा अर्थ एखादा कारखाना हेरून पाडणे त्या काळच्या साधनांना जवळजवळ अशक्य होते. तेव्हा जे पाडता येईल तेच लक्ष्य ठरविण्यात आले. १४ फेब्रुवारी १९४२ रोजी बॉम्बर कमांडला नवा आदेश निघाला. शत्रूच्या नागरी जनतेचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हे यापुढे हल्ल्याचे मुख्य लक्ष्य राहील, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी हवाई दलप्रमुख चार्ल्स पोर्टल यांनी स्पष्टीकरण केले की नेम धरावयाचा तो दाट वस्तीवर. गोदी किंवा विमानांच्या कारखान्यांवर नव्हे. २२ फेब्रुवारीस आर्थर हॅरिस बॉम्बर कमांडचे प्रमुख झाले आणि हे धोरण त्यांनी झपाट्याने अमलात आणले. मार्चअखेर ल्यूबेक जळाले. मेअखेर कोलोनवर एका रात्रीत हजार विमाने गेली. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गवर हल्ल्यांची मालिका झाली. २७ जुलैच्या रात्री शहरात आगीचे वादळ उठले. त्या मालिकेत सुमारे सदतीस ते चाळीस हजार माणसे मेली.

संसदेस काय सांगण्यात आले

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. जर्मन शहरे जळत आहेत, हे ब्रिटिश जनतेपासून लपविलेले नव्हते. उद्ध्वस्त शहरांची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून छापून येत. किती टन बॉम्ब टाकले याचे आकडे अभिमानाने दिले जात. लपविला जात होता तो हेतू.

३१ मार्च १९४३ रोजी मजूर पक्षाचे सभासद रिचर्ड स्टोक्स यांनी लोकसभागृहात विचारले की, केवळ लष्करी लक्ष्यांऐवजी सरसकट वस्तीवर बॉम्ब टाकण्याच्या सूचना वैमानिकांना दिल्या आहेत काय? हवाई खात्याचे मंत्री सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांनी उत्तर दिले की बॉम्बर कमांडची लक्ष्ये नेहमी लष्करीच असतात. मात्र रात्रीच्या हल्ल्यात लक्ष्याभोवतीच्या परिसरावरही बॉम्ब पडणे अपरिहार्य असते. त्या वर्षाच्या अखेरीस स्टोक्स यांनी पुन्हा विचारले, तेव्हा धोरणात काही बदल नाही असे सांगण्यात आले. पहिल्या उत्तराची रचना पाहण्यासारखी आहे. तीत परिणाम मान्य केला आहे आणि हेतू नाकारला आहे. परंतु १४ फेब्रुवारी १९४२ चा आदेश त्या वेळी लागू होता, आणि त्यात लोकवस्ती हा परिणाम नव्हता. तोच हेतू होता.

याहून उद्बोधक गोष्ट अशी की, या लपवालपवीला सर्वांत मोठा विरोध केला तो स्वतः हॅरिस यांनीच. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांनी हवाई खात्यास पत्र लिहून मागणी केली की, जर्मन शहरांचा विनाश करणे, जर्मन कामगारांना ठार करणे आणि सबंध जर्मनीतील सुसंस्कृत जीवन विस्कटून टाकणे हे मोहिमेचे उद्दिष्ट आहे, असे निःसंदिग्धपणे जाहीर करावे. आपल्या वैमानिकांना लाज वाटावी असे काही काम ते करीत आहेत, असा समज सरकारच्या संदिग्ध बोलण्याने होतो, ही त्यांची तक्रार होती. हॅरिस यांच्या युद्धनीतीशी आम्ही सहमत नाही. परंतु या एका बाबतीत ते आपल्या वरिष्ठांपेक्षा प्रामाणिक होते, हे मान्य केले पाहिजे. हवाई खात्याने त्यांची मागणी नाकारली.

का नाकारली? १९६१ साली ब्रिटिश सरकारनेच प्रसिद्ध करविलेल्या, वेब्स्टर व फ्रँकलंड यांनी लिहिलेल्या अधिकृत इतिहासात याचे उत्तर मिळते. हल्ले लष्करी लक्ष्यांवरच होतात असे म्हणत राहिल्यानेच कँटरबरीचे आर्चबिशप, स्कॉटलंडच्या ख्रिस्तसभेचे मॉडरेटर आणि इतर धर्मपुढारी यांच्या चौकशीचे समाधान करता येते. त्यांनी या हल्ल्यांचा नैतिक निषेध केला तर वैमानिकांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, असे सिंक्लेअर यांनी खासगी टिपणात पोर्टल यांना कळविले होते. आमच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हँबुर्गच्या माणसांना आपल्यावर काय पडते हे पुरते ठाऊक होते. बर्लिनमधील सरकारला ठाऊक होते. जे ठाऊक होऊ द्यावयाचे नव्हते ते ब्रिटिश धर्मगुरूंना. गुप्ततेची भिंत शत्रूच्या बाजूला नव्हती. ती धर्मपीठाच्या बाजूला होती.

बेल यांनी काय केले

जॉर्ज बेल हे १९२९ पासून चिचेस्टरचे बिशप होते. ते शांततावादी नव्हते. हिटलरचा पराभव झालाच पाहिजे असे त्यांचे मत होते. नाझी राजवटीशी झगडणाऱ्या जर्मन ख्रिस्तसभेला त्यांनी १९३३ पासून साहाय्य केले होते, जर्मनीतून पळून आलेल्यांना आश्रय दिला होता. धर्मवेत्ते डिट्रिख बोनहोफर यांचे ते जवळचे स्नेही. युद्ध सुरू होताच, नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनी एका लेखात मांडले होते की युद्धकाळातही ख्रिस्तसभेने ख्रिस्तसभाच राहावे. राज्याचे आध्यात्मिक साहाय्यक दल होऊ नये.

बेल स्वतः गुपिते राखणारे होते, हेही सांगितले पाहिजे. मे १९४२ च्या अखेरीस स्वीडनमध्ये सिग्तुना येथे बोनहोफर त्यांना भेटले आणि हिटलरविरुद्ध कट करणाऱ्या पुढाऱ्यांची नावे त्यांनी बेल यांना दिली. बेल यांनी ती परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्यापर्यंत पोहोचविली. ईडन यांनी जुलैमध्ये कळविले की या लोकांना उत्तर देणे राष्ट्रहिताचे नाही. पुढे जर्मनीत चांगली माणसे उरलीच नाहीत असे ब्रिटनमध्ये सर्रास बोलले जात असता, आपल्याजवळ असलेला पुरावा उघड करून बेल यांना वाद जिंकता आला असता. त्यांनी तो केला नाही; कारण एक नाव उघड होणे म्हणजे एक माणूस फासावर जाणे होते. कोणते गुपित कोणाच्या जिवासाठी राखावयाचे, याची जाण असलेला हा मनुष्य होता. म्हणूनच सरकारच्या मौनाविषयी प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार होता.

तो प्रश्न त्यांनी ९ फेब्रुवारी १९४४ रोजी उमरावसभेत विचारला. त्यापूर्वीच त्याची किंमत मोजणे सुरू झाले होते. सप्टेंबर १९४३ मध्ये हवाई दलाच्या स्मरणार्थ होणाऱ्या उपासनेस त्यांनी स्वतःच्याच कॅथेड्रलात येऊ नये, असे तेथील डीनने त्यांना सुचविले होते. भाषणाच्या दिवशी लॉर्ड वुल्टन यांनी त्यांना सांगितले की, तुम्ही हे भाषण करू नये असे सभागृहात प्रत्येकाला वाटते. परंतु धर्मगुरूचे कर्तव्य म्हणूनच तुम्ही ते करीत आहात, हेही प्रत्येकाला ठाऊक आहे.

भाषणाची मांडणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. बेल यांनी प्रथम जर्मनीचा अपराध मान्य केला. वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री यांची नावे घेतली. वैमानिकांच्या शौर्याचा गौरव केला. युद्धसाहित्याचे कारखाने आणि दळणवळणाची केंद्रे यांवरील हल्ले न्याय्य आहेत, आणि त्यांत काही नागरिक मरणे अटळ आहे, हेही मान्य केले. त्यानंतर त्यांनी मुद्दा मांडला की साधन आणि साध्य यांत काही प्रमाण असले पाहिजे. गावाच्या एका भागात लष्करी लक्ष्य आहे म्हणून सबंध गाव पुसून टाकणे या प्रमाणात बसत नाही. मित्रराष्ट्रे बळासाठी नव्हे तर कायद्यासाठी लढत आहेत, असे आपण म्हणतो. मग आपल्या साधनांनाही कायद्याची मर्यादा हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर त्यांनी सरकारला आपले धोरण सांगण्याची विनंती केली. भाषणात अफवा नव्हती, गुप्त कागद नव्हता. जे प्रसिद्ध झाले होते तेवढ्यावरूनच ते बोलले.

सरकारतर्फे लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी आदरपूर्वक उत्तर दिले, पण ते उत्तर जुनेच होते: केवळ दहशतीसाठी हल्ले केले जात नाहीत, शहरे ही युद्धोद्योगाची केंद्रे आहेत. निवृत्त आर्चबिशप कॉस्मो लँग यांनी बेल यांना काहीसा पाठिंबा दिला. सामाजिक नीतीवरील आपल्या विचारांसाठी प्रसिद्ध असलेले आर्चबिशप विल्यम टेम्पल मात्र या प्रश्नावर त्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. ऑक्टोबर १९४४ मध्ये टेम्पल निवर्तले आणि त्यांच्या जागी जेफ्री फिशर यांची नेमणूक झाली. बेल यांना त्यांच्या भाषणांनी ते पद गमवावे लागले, असे अनेकांचे मत झाले. ते १९५८ पर्यंत चिचेस्टरचेच बिशप राहिले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

हेतू लपविणे म्हणजे काय लपविणे

आता या प्रकरणातील नीतिशास्त्रीय गाभ्याकडे वळू. एखाद्या कृत्याचा न्याय करताना परंपरागत ख्रिस्ती नीतिशास्त्र त्या कृत्याचे स्वरूप, कर्त्याचा हेतू आणि परिस्थिती या तिन्हींकडे पाहते. युद्धातील नागरिकांच्या मृत्यूविषयी बोलताना दुहेरी परिणामाचा सिद्धांत वापरला जातो. शस्त्रांच्या कारखान्यावर बॉम्ब टाकला आणि शेजारचे घर पडले, तर ते घर पाडणे हा हेतू नव्हता, ते साध्याचे साधनही नव्हते. तेव्हा योग्य प्रमाण राखले असल्यास त्या कृत्यास अनुमती असू शकते. परंतु घरे जाळून कामगारांना भयभीत करणे हाच जर विजयाचा मार्ग ठरविला असेल, तर नागरिकांचे मरण हे साधन बनते. तेथे हा सिद्धांत लागू होत नाही.

अमेरिकन जेज्विट नीतितज्ज्ञ फादर जॉन फोर्ड यांनी नेमके हेच १९४४ साली, युद्ध चालू असतानाच, सरसकट बॉम्बवर्षावावरील आपल्या निबंधात दाखवून दिले. आधुनिक युद्धात सर्वच प्रजा लढते, म्हणून निरपराध असा कोणी उरत नाही, हा युक्तिवाद त्यांनी नाकारला. युद्धाशी ज्यांचा संबंध जोडणे हास्यास्पद ठरेल अशा साध्या व्यवसायांची लांबलचक यादीच त्यांनी दिली. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सबंध शहरांचा सरसकट विनाश करणाऱ्या युद्धकृत्याचा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध म्हणून निषेध केला.

यावरून सिंक्लेअर यांच्या उत्तराचे खरे गांभीर्य कळते. नीतिशास्त्राचा सारा निवाडा ज्या एका गोष्टीवर अवलंबून होता, तीच गोष्ट त्यांनी काढून घेतली. धर्मगुरूला सिद्धांत ठाऊक होता, परिणाम दिसत होता, पण हेतू विपरीत सांगितला गेला होता. असा धर्मगुरू प्रामाणिकपणे विचार करूनही चुकीच्या निर्णयास पोहोचतो. दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीला चुकीचे अन्न घालून तिच्याकडून संमती मिळविणे हे साध्या असत्याहून अधिक गंभीर आहे. कारण त्यात त्या माणसाला नकळत कृत्याचा वाटेकरी केले जाते. उरीयाच्या हाती त्याच्याच मृत्यूचे पत्र देण्याशी याचे नाते आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९४० ते १९४२ या काळात ब्रिटनजवळ जर्मनीवर प्रहार करण्याचे दुसरे साधन जवळजवळ नव्हते. या हल्ल्यांमुळे जर्मन तोफा व विमाने पूर्व आघाडीवरून मागे खेचली गेली, असे अनेक इतिहासकार दाखवितात. मायकेल वॉल्झर यांनी १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, सर्वनाश समोर उभा असताना घेतलेल्या त्या निर्णयास काही समर्थन मिळू शकेल. परंतु संकटाचा तो प्रहर ओसरल्यावर मिळू शकत नाही. या युक्तिवादांचा विचार झाला पाहिजे. परंतु तो व्हावा तरी कोठे? जो निर्णय समर्थनीय आहे असे राज्यकर्त्यास खरोखर वाटते, तो त्याने संसदेपुढे समर्थनासह मांडावयास हवा होता. त्याने वेगळाच निर्णय मांडला. जर्मनांना कळेल ही अडचण त्यात नव्हती. आपल्या लोकांनी नकार दिला असता, हीच अडचण होती.

झाकलेले उघडे झाले तेव्हा

१३ ते १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन जाळले. पंचवीस हजारांपर्यंत माणसे मेली, असा निष्कर्ष त्या शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० साली काढला. एका वृत्तसंस्थेने हे मुद्दाम दहशतीसाठी केलेले हल्ले असल्याचे कळविले, आणि ६ मार्चला स्टोक्स यांनी ते संसदेत मांडले. २८ मार्चला पंतप्रधान चर्चिल यांनी एक गुप्त टिपण लिहिले. इतर सबबींखाली पण खरे तर दहशत वाढविण्यासाठी जर्मन शहरांवर होणाऱ्या हल्ल्यांचा आता फेरविचार करावा, असे त्यात होते. संसदेत जे नाकारले गेले, ते पंतप्रधानांच्या हातून एका वाक्यात लिहिले गेले. पोर्टल यांनी हरकत घेतली, चर्चिल यांनी ते टिपण मागे घेतले आणि १ एप्रिलला सौम्य भाषेत दुसरे लिहिले.

या गुप्ततेची किंमत आणखी कोणी मोजली असेल, तर ती त्याच वैमानिकांनी, ज्यांच्या मनोधैर्याचे कारण पुढे करण्यात आले होते. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ वैमानिक व सहकारी युद्धात मेले. विजयानंतर त्यांच्यासाठी वेगळे मोहीमपदक काढण्यात आले नाही. लंडनमधील त्यांचे स्मारक २०१२ साली उभे राहिले. ज्यांनी आज्ञा दिल्या त्यांनी हेतू कधी स्वीकारला नाही; म्हणून त्या हेतूचे ओझे आज्ञा पाळणाऱ्यांच्या खांद्यांवर राहून गेले. नेत्याने सत्य सांगावे हे प्रजेच्या हक्काचे आहेच. पण ते सैनिकाच्याही हक्काचे आहे.

आपल्या सेवाकार्यासाठी

आपल्या देशापुरते पाहता, १९२३ चा शासकीय गुपितांविषयीचा कायदा ब्रिटिशांनी केला आणि तो आजही लागू आहे. १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धातील अपयशाची चौकशी करून हेंडरसन ब्रुक्स व भगत या सेनाधिकाऱ्यांनी १९६३ साली दिलेला अहवाल, त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने बाहेर आणला असला, तरी कोणत्याही पक्षाच्या सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. दुसरीकडे, २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने सुरक्षेच्या माहितीला संरक्षण देतानाच एक दारही उघडे ठेवले आहे: उघड केल्याने होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल, तर १९२३ च्या कायद्याचा अडसर असूनही माहिती देता येते. बेल ज्या प्रमाणाची भाषा बोलत होते, तीच येथे कायद्याच्या भाषेत आली आहे. धर्मवर्गात नागरिकाची कर्तव्ये शिकविताना हे कलम अवश्य सांगावे.

धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, असे आम्हास वाटते. पहिली, कोणतीही माहिती नाकारली गेली असता रागावण्यापूर्वी विचारावे: ही शत्रूला आधीच ठाऊक आहे काय? ठाऊक नसेल आणि तिने आपल्या जवानांच्या जिवाला धोका असेल, तर मौन हे देशभक्तीच आहे, आणि लोकांनाही तसे समजवावे. ठाऊक असेल, तर ती कोणापासून लपविली जात आहे हे विचारण्याचा आपला हक्क आहे. दुसरी, न्याय्य गुपिताला मुदत असते. मोहीम संपली की तिचे वेळापत्रक गुप्त ठेवण्याचे कारण संपते. मुदत संपूनही जे झाकलेले राहते, त्याला नवे कारण द्यावे लागते. तिसरी, आपण स्वतः अफवेवर बोलू नये. गुप्ततेच्या अंधारात अफवा वाढतात, आणि धर्मपीठावरून उच्चारलेली अफवा लोकांना सत्य वाटते. जेवढे प्रसिद्ध व सिद्ध आहे तेवढ्यावरून प्रश्न विचारावा, आणि तो योग्य जागी विचारावा. चौथी, सैनिकाला त्याच्या नेत्याच्या पापाचा धनी करू नये. वैमानिकांचा गौरव आणि धोरणाचा निषेध ही दोन्ही एकाच भाषणात बसू शकतात, हे बेल यांनी दाखवून दिले. ज्या आईचा मुलगा सीमेवर आहे, तिच्यासमोर बोलताना हे विशेष सांभाळावे.

आणि पाचवी गोष्ट प्रार्थनेची. राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या कराव्यात, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो. आपल्या रविवारच्या विनंत्यांत आपण राज्यकर्त्यांसाठी शहाणपण मागतो, बळ मागतो, शांती मागतो. युद्धाच्या दिवसांत त्यांत आणखी एक विनंती घालावी: प्रजेला ज्याचे उत्तर द्यावे लागणार आहे, ते प्रजेला सांगण्याचे धैर्य त्यांना मिळो. ही विनंती मोठ्याने म्हणावी, म्हणजे सभेत बसलेले अधिकारीही ती ऐकतील आणि तिला आमेन म्हणतील.